मानस

डेल्फ्टमध्ये पहिल्याच आठवड्यात मी एक वही केली,
चौकटींची. एक चौकट पाच मिलिमीटर.
तिच्यात मी घरांच्या कपाळावरचे आकडे उतरवले,
गणिताचे नव्हेत, लोखंडाचे:
जिने इतके चिंचोळे की पियानो खिडकीतून घरात जातो,
आणि म्हणून भिंतच जरा पुढे झुकवून बांधलेली,
कठड्यावरून ओणवं होऊन कुणाला हाक मारावी तशी.

मग पायऱ्यांच्या कडेची पन्हळ, सायकल चढवायला.
सिग्नलपाशी दांडा, पाय न टेकता थांबायला.
मग तो पूल,
जो एका रेतीच्या पडावासाठी उठतो
आणि चाळीस माणसं मुकाट वाट बघतात.
मी तिथे रोज उशिरा पोचायचे.
घरमालकीण म्हणाली, एवढं काय बघतेस? पूल आहे तो.

एकदा तिनेच विचारलं, ताटल्या पुसता पुसता,
तुमच्याकडे समुद्र कोण अडवतं?
कुणी नाही, मी म्हटलं.
आणि मला खरंच तसं वाटत होतं.

ऑगस्टात जुव्याला आले, दोन सरींच्या मध्ये.
या बांधावरून दहा वर्षं शाळेत गेले मी,
मानशीवरून उडी मारून.
माझ्या लेखी मानस म्हणजे
डावी चप्पल वाहून गेली ती जागा.
निळ्या पट्ट्याची होती.
मराठीच्या पेपरात ‘मानस म्हणजे मन’ असं लिहून
एक गुणही मिळाला होता.

या खेपेला चिखलात उकिडवी बसले, वही गुडघ्यावर.
चिऱ्यांच्या दोन भिंती, त्यांच्यात माणूसभर फट,
फटीत लाकडाच्या दोन झडपा, नदीकडेच उघडणाऱ्या.
ओहोटीला शेतातलं पाणी त्यांना लोटून बाहेर पडतं.
भरतीला खारं पाणी आत घुसायला येतं
आणि स्वतःच्याच खांद्याने दार लावून घेतं.
मोटार नाही, बटण नाही.
ज्याला अडवायचं त्याच्याच हाती कडी.
मी हे वाक्य तीनदा खोडलं.

यंदाचा मासळीचा लिलाव इनासने घेतलाय.
तो जाळ्याची भोकं शिवत होता. विचारलं,
तुम्ही हे बंद कधी करता?
‘आमी धांपिनांव गे. न्हंयच धांपता.’
म्हणजे नदीच, हेही त्याने हनुवटीने दाखवलं.

मग त्याची पाळी.
थंय कोण धांपता?
संगणक, मी म्हटलं.
आनी करंट गेलो जाल्यार?
जात नाही.
तो माझ्याकडे असा बघत राहिला
जशी मी कुणा दुसऱ्याच्याच घरची.

पलीकडच्या मानशीला लोखंडी दार बसवलंय, फिरवायच्या चाकाचं.
चाकावर माणूस नेमला, माणसाची बदली झाली.
आता चाक गंजून एका जागी,
आणि आत कोरगुटालाही सोसेना इतकं मीठ.
भाताची पाती टोकाकडून तांबडी पडलीत.
तेही उतरवलं. प्रमाण: एकास वीस.

फीत काढून चिरे मोजले.
दोन सारखे निघाले नाहीत.
खेकड्यांनी बांधात पाडलेली बिळं मोजायची राहिली,
इनास ती दर अमावास्येला पायाने चाचपतो
आणि चिखल-पेंढ्याचा गोळा टाचेने आत दाबतो.
टाचेचं माप मी विचारलं नाही.

पाणी थांबलं.
ना इकडे, ना तिकडे, एक कचऱ्याचं पान जागीच गरगरत.
मग झडपा आल्या एकमेकींकडे,
आणि आवाज झाला,
पोटावर थाप मारल्यासारखा, ओला, हलका.
इनासने मान वळवली नाही. बिडी काढली.

हा आवाज कुठल्या चौकटीत काढायचा?
मी पेन्सिल धरून बसलेली.
ऊठ गे, तो म्हणाला,
आता पाणी तुझ्या वहीकडे येतंय.